एकाच घरात तीन तऱ्हांची केसगळती: कोणती कशी ओळखायची आणि काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय ३४. अडीच महिन्यांपूर्वी आठवडाभर जोराचा ताप आला होता. गेल्या तीन आठवड्यांपासून न्हाताना हातात केसांचा पुंजका येतोय. तसा भांग दोन-तीन वर्षांपासूनच रुंद दिसतो, आईचाही तसाच आहे. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, त्याचं कपाळ मागे सरकतंय. त्याने मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध डोक्याला लावलं, पण महिनाभरात जास्तच गळायला लागले म्हणून सोडून दिलं. आणि आता माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर नाण्याएवढी चकती पडलीय. मी केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू केलंय. आम्हा सगळ्यांना चालेल असं एखादं औषध आहे का?"

असं औषध नाही, कारण तुम्हा तिघांना झालंय ते एक नाही. तुमच्या स्वतःच्या डोक्यावर बहुधा दोन प्रकार एकदम चाललेत. भावाचा प्रकार त्यातल्या दुसऱ्याचाच भाऊबंद आहे. मुलाचा मात्र पूर्ण वेगळा, आणि तिघांत घाई आहे ती त्याचीच. म्हणून आधी त्याच्याकडे.

मुलाची चकती: चाई की नायटा?

लहान मुलाच्या डोक्यावर गोल चकती पडली की दोन गोष्टी आधी डोळ्यांसमोर याव्यात: चाई, म्हणजे गोल चकत्यांनी केस झडणं, आणि डोक्याचा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग. दिसायला दोन्ही गोल, पण उपचार एकमेकांच्या उलट. चाईवर स्टिरॉइड, म्हणजे दाह दबवणारं औषध, लावतात. नायट्यावर तेच लावलं तर खाज-लाली चार दिवस दबते आणि बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. त्यामुळे घरात पडलेली कुठलीही 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावण्याआधी मुलाला खिडकीशी बसवा आणि चकती नीट बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम केलात तरी बरंच दिसतं.

चाईची जागा गुळगुळीत असते, खवले नाहीत, लाली जवळजवळ नाही. कडेला तीन-चार मिलिमीटरचे तुटके केस दिसतात, वर जाड आणि त्वचेपाशी निमुळते, थेट उद्गारचिन्हासारखे. ते दिसले तर चकती अजून पसरतेय असं समजा. हाताची नखंही बघा. सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे नखांवर रांगेने असतील तर चाईच्या बाजूने आणखी एक पुरावा मिळतो.

नायट्याची जागा हाताला खरखरीत लागते. पांढुरके खवले, खाज, आणि केस त्वचेलगत तुटल्यामुळे उरलेले काळे ठिपके. कानामागे किंवा मानेच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढ्या गाठी लागल्या तर संशय पक्का करायला हरकत नाही. काही मुलांत ती जागा सुजून मऊ, पुवाळलेली, दुखरी होते. ते गळू वाटतं, पण ते कापून घेऊ नका. तो बुरशीविरुद्ध शरीराने उठवलेला दाह असतो आणि त्याचा मुख्य उपचार बुरशीचं पोटातलं औषध हाच असतो. दुर्लक्ष केलं तर तिथे कायमचा व्रण राहून केस परत येत नाहीत. घाई म्हटली ती यासाठी.

नायट्याला नुसतं मलम का पुरत नाही? बुरशी केसाच्या दांड्यात आणि मुळाशी खोल बसलेली असते, मलम तिथवर पोचत नाही. म्हणून पोटातून ग्रिझिओफुल्विन (साधारण ६ ते ८ आठवडे) किंवा टर्बिनाफिन (४ ते ६ आठवडे) द्यावं लागतं. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. कोणतं द्यायचं हे बुरशीच्या जातीवर अवलंबून असतं: माणसाकडून माणसाला लागणाऱ्या ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन चांगलं चालतं, मांजर-कुत्र्याकडून येणाऱ्या मायक्रोस्पोरमवर ग्रिझिओफुल्विन. त्यासाठी डॉक्टर खवले आणि तुटके केस खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कल्चरला (बुरशी वाढवून ओळखायला) पाठवतात. तपासणीआधी कुठलंही मलम लावलेलं नसलं तर उत्तर नीट मिळतं. ग्रिझिओफुल्विन स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर दिलं तरच पुरेसं शोषलं जातं. उपाशीपोटी देऊन 'गुण आला नाही' म्हणणारे बरेच असतात. जोडीला केटोकोनाझोलचा २ टक्क्यांचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं फेस ठेवून. त्याने नायटा बरा होत नाही, पण दुसऱ्यांना लागण्याचं प्रमाण कमी होतं. कंगवा, टोपी, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकदा तपासून घ्या.

चाई निघाली तर थोडं सैल व्हायला हरकत नाही. शरीराचीच संरक्षणयंत्रणा केसांच्या मुळांवर चालून जाते म्हणून केस झडतो, पण केस घडवणारी जागा जिवंत राहते. एक-दोनच चकत्या असतील तर वर्षभरात आपोआप भरून येणं अगदी नेहमीचं आहे. लहान मुलांत सहसा तीव्र स्टिरॉइडचं क्रीम किंवा लोशन डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरतात. मोठ्या माणसांत चकतीतच ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात: बहुधा मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमची ताकद, दर सेंटिमीटरवर ०.१ मिलिलिटर, ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने. ताकद जास्त झाली किंवा एकाच जागी फार टोचलं की तिथे त्वचेला खळगा पडतो. तो बहुधा काही महिन्यांत भरतो. नवे केस आधी पांढरे उगवतात, त्याने घाबरू नका, रंग मागाहून येतो. डोकं जवळजवळ पूर्ण रिकामं झालं असेल अशा तीव्र चाईसाठी आता जॅक-इनहिबिटर गटातल्या, म्हणजे त्या संरक्षणयंत्रणेला आवरणाऱ्या, गोळ्या आहेत. अमेरिकेत बॅरिसिटिनिबला प्रौढांसाठी २०२२ मध्ये आणि रिट्लेसिटिनिबला १२ वर्षांवरच्यांसाठी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्या सुरू करण्याआधी क्षय, कावीळ वगैरेंच्या तपासण्या कराव्या लागतात आणि थांबवल्यावर चाई परतू शकते. एका चकतीसाठी त्यांचा विचार नको. झोंबणारे रस चोळून चकती लाल करण्याचा उद्योगही नको. भाजलेली त्वचा ही वर आणखी एक अडचण होते.

तिसरी शक्यता मुलं स्वतःच केस उपटण्याची. तिथे जागा कधीच पूर्ण गुळगुळीत नसते, लहान-मोठे तुटके केस गवतासारखे वेडेवाकडे उभे असतात. रागावून ही सवय जात नाही, वाढते. बालमानसतज्ज्ञांकडे सवय बदलण्याची पद्धतशीर थेरपी असते, ती घ्या.

तुमची गळती: ताप आज नाही, अडीच महिन्यांपूर्वी आला होता

आता एक गळलेला केस उचला आणि गडद कापडावर ठेवा. एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा मणी दिसेल. तो बघून 'केस मुळासकट आला, आता तिथे परत येणार नाही' अशी धास्ती बहुतेकांना बसते. खरं उलट आहे. तो मणी म्हणजे विश्रांतीला गेलेल्या केसाचं सुकलेलं बूड. केस घडवणारा कारखाना त्वचेतच शाबूत असतो. केसाला कुठल्याच टोकाला मणी नसेल आणि लांबी अर्धीमुर्धी असेल, तर तो गळलेला नाही, मधेच तुटलेला आहे. त्याचा उपचार कात्री, कंडिशनर आणि इस्त्री कमी करणं. रक्ततपासण्यांचा त्याच्याशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही दिवशी वाढत असतात. ही वाढ २ ते ६ वर्षं चालते, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत केस आपलं काम आवरतो, साधारण ३ महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. प्रत्येकाचं चक्र वेगळ्या वेळी चालत असल्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं हा नित्याचा हिशोब आहे. तीन दिवसांनी न्हायलात तर तीन दिवसांचे एकदम येतात. आणि ६० सेंटिमीटर लांबीच्या ८० केसांचा पुंजका हा ५ सेंटिमीटरच्या ८० केसांपेक्षा भीतिदायक दिसणारच.

जोराच्या तापात शरीर खर्च आवरतं घेतं आणि वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला पाठवतं. ते गळतात साधारण दोन-तीन महिन्यांनी. म्हणून कारण शोधताना गेल्या आठवड्यातला नवा शॅम्पू सोडा आणि कॅलेंडर दोन ते चार महिने मागे न्या. ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, जेवण तोडून झटपट उतरवलेलं वजन, जबर मानसिक धक्का, थायरॉइड बिघडणं, लोहाची कमतरता, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, नाहीतर एखादं नवं औषध: वॅल्प्रोएट, लिथियम, हेपारिन, बीटा-ब्लॉकर, आयसोट्रेटिनोइन. औषधाचा संशय आला तरी ते स्वतःहून थांबवू नका, लिहून देणाऱ्याशी बोला. तुमच्या बाबतीत ताप आणि गळती यांमधलं अंतर इतकं नेमकं जुळतंय की निदानासाठी फार दूर जायला नको. याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात.

गळती जोरात आहे का हे घरीच बघता येतं. ५०-६० केसांची बट अंगठा आणि पहिली दोन बोटं यांत त्वचेलगत धरा आणि चिमूट घट्ट ठेवून टोकापर्यंत सावकाश ओढत न्या. झटका नको. डोक्याच्या चारही बाजूंना असं करा. एक-दोन केस आले तर चालतं. प्रत्येक ठिकाणी सहा किंवा जास्त येत असतील तर गळती जोरात आहे. फक्त वरच्या भागात येतात आणि मागे नाही, तर प्रकरण निराळं असू शकतं.

आता अप्रिय भाग. जे केस विश्रांतीला गेलेत ते गळणारच, त्यांना परत बोलावणारं औषध नाही. गळती साधारण ३ ते ६ महिन्यांत ओसरते. कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे, टोकाला निमुळते नवे केस उभे राहू लागले की समजावं, गाडी रुळावर आली. पण वेणीची जाडी लगेच परतत नाही. नवा केस महिन्याला १ सेंटिमीटरने वाढणार, म्हणजे ३० सेंटिमीटरपर्यंत पोचायला अडीच वर्षं. दरम्यान वेणीचं टोक शेपटीसारखं बारीक दिसतं आणि लोक 'अजून गळतायत' म्हणून नवनवी औषधं घेत बसतात. चार-सहा इंच कापून टाकले तर केस लगेच दाट दिसतात. या अवस्थेत यापेक्षा उपयोगी सल्ला क्वचित मिळेल.

तपासण्या मोजक्याच: संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), आणि हवं तर ड जीवनसत्त्व. यात दोन खोड्या आहेत. पहिली, हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून लोह पुरेसं आहे असं नाही. शरीर आधी साठा रिकामा करतं, मग हिमोग्लोबिन उतरतं. साठा दाखवतो तो फेरिटिन. तो मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लोह घेण्यात अर्थ आहे. मात्र तापात आणि दाहात फेरिटिन खोटा वाढतो, म्हणून आजारातून पूर्ण उठल्यावरच तपासा. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, आणि हिमोग्लोबिन सुधारलं तरी साठा भरायला पुढे तीनेक महिने चालू ठेवा. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी आलं तर नुसती गोळी देऊन भागत नाही. रक्त कुठे जातंय ते शोधावं लागतं.

दुसरी खोडी तुम्ही सुरू केलेल्या बायोटिनची. त्याची खरी कमतरता दुर्मीळ, आणि कमतरता नसताना घेतल्याने केस वाढतात याला भक्कम आधार नाही. पण जास्त मात्रेतलं बायोटिन अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत लुडबुड करतं. टीएसएच खोटा कमी आणि थायरॉइडची हार्मोन्स खोटी जास्त दिसतात, आणि धडधाकट माणसाला थायरॉइड वाढल्याचं लेबल लागतं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिन चाचणीही फसू शकते. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ते बंद ठेवा, आणि माझं ऐकाल तर पुन्हा सुरूच करू नका. 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत अ जीवनसत्त्व आणि सेलेनियमही असतं. ही दोन्ही जास्त झाली तर केस गळतात!

रुंदावणारा भांग

हा भाग तापाच्या आधीपासूनचा आहे. बायकांच्या आनुवंशिक प्रकारात कपाळाची रेषा सहसा जागेवर राहते आणि भांग रुंदावतो, पुढे जास्त, मागे कमी. इथे केस गळण्यापेक्षा बारीक होण्याला महत्त्व आहे. दर चक्राला तोच केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी लव होऊन जातो. भांगाशी केस नीट बघा. जाड आणि अगदी बारीक केस शेजारी शेजारी दिसतील. मग मानेच्या वरच्या बाजूला आडवा भांग पाडून ताडून बघा, तिथे सगळे सारखे जाड असतील. वर आणि मागे असा फरक असेल तर निदान जवळजवळ झालंच. तापासारखा धक्का बसला की आधीपासून मुरलेला हा प्रकार एकदम उघडा पडतो. म्हणून तापाची गळती थांबल्यावरही भांग पूर्ववत होत नाही, आणि उपचार फसला असं वाटतं.

पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस किंवा हट्टी मुरमं असतील तर टेस्टोस्टेरॉन आणि संबंधित हार्मोन्स तपासून घ्या. नसतील तर हार्मोनच्या तपासण्यांतून फारसं काही निघत नाही.

उपचार मिनॉक्सिडिल: ५ टक्क्यांचा फोम रोज एकदा अर्धं टोपण, किंवा २ टक्क्यांचं द्रावण १ मिलिलिटर दिवसातून दोनदा. आत्ता लगेच सुरू करावं की गळती ओसरल्यावर? तुमच्या जागी मी तीन महिने थांबणं पसंत करेन. आत्ता सुरू केलं तर नवे केस औषधाने आले की आपोआप हे कधीच कळणार नाही, आणि औषध मात्र जन्माचं मागे लागेल. भांग तुम्ही म्हणता तसा खरंच तीन वर्षं रुंदावत असेल आणि वर-मागे फरक स्पष्ट दिसत असेल, तर थांबण्याचं कारण उरत नाही. गरोदरपणात, दिवस राहण्याची तयारी चालू असताना आणि अंगावर पाजत असताना ते लावू नये. स्पायरोनोलॅक्टोन हे बायकांसाठीचं दुसरं औषध, दिवसाला ५० ते २०० मिलिग्रॅम. त्यावर असताना दिवस राहता कामा नयेत, मुलगा असल्यास गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियमही तपासावं लागतं.

भावाने सोडायला नको होतं

पुरुषांत टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, बनतं आणि आनुवंशिकतेने हळव्या असलेल्या केसांना ते बारीक करत नेतं. कपाळाचे दोन कोपरे आणि भोवऱ्याची जागा आधी जाते. कानांच्या वरचे आणि मागचे केस या हार्मोनला दाद देत नाहीत. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधीच वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. वारसा दोन्हीकडून येतो. 'आईच्या वडिलांचे केस बघा' हे अर्धंच खरं आहे.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि दुष्परिणामाचंच औषध झालं. डोक्याला लावायचं द्रावण अमेरिकेत १९८८ मध्ये मान्य झालं. ते विश्रांतीतल्या केसांची रजा मधेच रद्द करतं. नवा केस खालून रेटतो, जुना बाहेर पडतो. त्यामुळे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. भावाने नेमकं तेव्हा सोडलं, म्हणजे किंमत मोजली आणि माल न घेता परतला. फरक दिसायला ४ महिने, खरा निकाल १२ महिन्यांनी. आणि बंद केलं की मिळालेले केस ३ ते ६ महिन्यांत जातात. आयुष्यभर लावण्याची तयारी नसेल तर सुरूच करू नये, हे मी आधीच सांगून टाकतो.

लावण्याची पद्धत अशी. डोकं पूर्ण कोरडं हवं. भांग पाडायचा, ड्रॉपर त्वचेला टेकवायचा, १ मिलिलिटर सहा-सात ठिकाणी वाटून बोटाच्या टोकाने पसरायचं. बहुतेक जण केसांवर ओततात, औषध केसच पितात, त्वचेला काही मिळत नाही. चार तास डोकं भिजवायचं नाही. हात धुवायचे. रात्री लावायचं तर झोपण्याआधी दोन तास, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि गालावर लव वाढते. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नये, दिवसाला २ मिलिलिटरवर फायदा वाढत नाही, छातीत धडधड मात्र वाढू शकते. खाज आणि खपल्या आल्या तर दोषी बहुधा द्रावणातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. फोममध्ये ते नसतं, बदलून बघा. घरात मांजर असेल तर फार जपा. थोडंसं चाटलं तरी मांजराच्या जिवावर बेततं.

मिनॉक्सिडिल डीएचटीला हात लावत नाही. ते काम फिनास्टेराइडचं, रोज १ मिलिग्रॅम. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. गळती थोपवण्यात ते सरस, पुढच्या कोपऱ्यांपेक्षा भोवऱ्यावर जास्त गुण दिसतो. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं हे दुष्परिणाम थोड्या जणांत दिसतात, बहुतेकांत औषध थांबवल्यावर जातात, काही जणांत लांबल्याच्या तक्रारी आहेत. मन उदास होऊ लागलं, जीव नकोसा वाटायला लागला तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. आधीपासून नैराश्य असेल तर हे सुरू करण्याआधीच सांगायचं. प्रोस्टेटची पीएसए तपासणी या गोळीमुळे निम्मी दिसते, म्हणून पन्नाशीनंतर तपासताना गोळीचा उल्लेख हवाच. फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. गोळी चालू असताना रक्तदान नको, बंद केल्यावरही महिनाभर थांबा.

केसरोपणाची घाई २६ व्या वर्षी नको. मागच्या बाजूने काढता येणाऱ्या केसांचा साठा ठरलेला असतो. आज पुढची रेषा भरली आणि औषध घेतलं नाही, तर दहा वर्षांत तिच्या मागचे केस जातात आणि पुढे एक पट्टा बेटासारखा उरतो. निदान वर्षभर औषधाने गळती स्थिरावल्यावर विचार करावा. लावलेले केस २ ते ६ आठवड्यांत झडतात, हे आधी माहीत नसेल तर माणूस हवालदिल होतो. ते तीन-चार महिन्यांनी परत उगवायला लागतात, अंतिम रूप वर्षाने. पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातल्या दाट केलेल्या प्लेटलेटची) इंजेक्शनं काही जणांत जोडीला उपयोगी पडतात, पण रक्तातल्या प्लेटलेट किती दाट करायच्या, किती वेळा टोचायचं, याची एकसारखी पद्धत नाही. औषधांऐवजी ती घेऊ नयेत.

वाट बघू नये अशी गळती

तुमच्या तिघांपैकी कोणात ही लक्षणं तुम्ही सांगितलेली नाहीत, तरी लिहितो. काही आजारांत दाहामुळे केस घडवणारी जागाच व्रणात बदलते आणि गेलेला केस पुन्हा येत नाही. टाळूला जळजळ, दुखरेपणा, केसांच्या बुडाशी लाल कडं किंवा चिकटलेले खवले, आणि चकतीत छिद्रंच न दिसणारी चकचकीत त्वचा ही त्याची खूण. पाळी थांबल्यानंतरच्या वयात कपाळाची रेषा पट्ट्यासारखी मागे जाते आणि भुवयाही विरळ होतात, तोही यातलाच प्रकार. इथे तेल, शॅम्पू, 'तीन महिने बघू' असं काही नको. त्वचारोगतज्ज्ञ ४ मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. तो चकतीच्या मधून घेतला तर नुसता जुना व्रण दिसतो, म्हणून जिथे लाली आहे आणि केस अजून उभे आहेत त्या कडेवरून घ्यावा लागतो. उपचाराचा हेतू उरलेले केस वाचवण्याचा असतो.

घट्ट वेणी, ताणलेला अंबाडा किंवा जोडकेस यांनी कपाळाच्या आणि कानांच्या कडेचे केस जातात, अगदी कडेला बारीक लवेची झालर तेवढी उरते. केस विंचरल्यावर कपाळ ताणलं जात असेल किंवा बुडाशी फोड येत असतील तर वेणी सैल करा. लवकर सोडवलं तर केस परततात, वर्षानुवर्षं ताणले तर नाही. केमोथेरपीतली गळती एक ते तीन आठवड्यांतच सुरू होते, कारण ती थेट वाढत्या केसावर घाव घालते. औषध संपल्यावर बहुधा एक ते तीन महिन्यांत नवे केस येतात, कधी वेगळ्या पोताचे.

तेल, शॅम्पू, वस्तरा

तेल केसाच्या दांड्याला वंगण देतं, विंचरताना तुटणं कमी करतं. बुडाशी जाऊन नवा केस उगवत नाही. कोंडा असताना टाळूवर तेल चोपडलं तर कोंडा वाढतो, कारण त्याची बुरशी तेलावरच जगते. रोज न्हाल्याने केस गळत नाहीत. जे सुटलेलेच होते ते पाण्याबरोबर दिसतात. टक्कल केल्यावर केस दाट वाटतात, ते निमुळतं टोक कापलं जाऊन बोथट होतं म्हणून. मुळांची संख्या तीच राहते.

भावाने पुन्हा सुरुवात केली किंवा तुम्ही तीन महिन्यांनी केली, तरी औषधाचा पहिला थेंब लावण्याआधी फोटो काढून ठेवा. केस कोरडे, न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा हातभर अंतरावर. पाच फोटो: समोरून, दोन्ही कोपरे, वरून भांग आणि मागून भोवरा. भांग दर वेळी त्याच जागी पाडा. ओल्या किंवा तेल लावलेल्या केसांचा फोटो तुलनेला कामाचा नाही, त्यात टाळू नेहमीच जास्त दिसते. पुढचे फोटो तीन महिन्यांनी, त्याआधी नको.